तासिका तत्त्वावरील प्राध्यापक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. या महाविद्यालयांत ‘सीएचबीवर आहे’ असे म्हटले, की तो तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक आहे हे कळते. मंजूर पद रिक्त असते, ते भरण्यास शासनाची परवानगी मिळालेली नसते आणि वर्ग मात्र थांबत नाहीत. अशा जागेवर एका शैक्षणिक वर्षापुरती ही नेमणूक होते.

नेट, सेट किंवा पीएचडी नसलेलेच सीएचबीवर येतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ही पात्रता असलेले अनेक जण वर्षानुवर्षे तासिकेवरच शिकवत आहेत. उणीव पात्रतेची नसून भरतीची आहे.

तासाचा दर ऐकून मानधन भरपूर वाटते. पण पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचेच. तासाच्या तयारीचे वेगळे काही मिळत नाही आणि दिवाळी व मे महिन्याची सुट्टी बिनपगारी जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले. राज्याचा दर त्याहून कमीच राहिला. कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन मात्र 57,700 रुपये आहे आणि त्यावर भत्ते वेगळे.

‘पैसे कमी, पण अनुभव तरी जमा होतो’ हा समज सर्वांत महागात पडतो. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार पूर्वीची तात्पुरती सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली असावी लागते आणि एकूण वेतनही नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे लागते. तासिकेचे मानधन तिथवर पोचत नाही. म्हणजे ज्याला कमी पैसे दिले, त्याची वर्षेही मोजली जात नाहीत. हा दुहेरी अन्याय आहे.

दहा वर्षे काढली की आपोआप कायम होता येते, हेही खरे नाही. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले, की केवळ दीर्घ तात्पुरत्या सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. वेतनाचा प्रश्न वेगळा आहे: ऑगस्ट 2025 मध्ये याच न्यायालयाने गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमित पदाचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला.