मुरूड फंडापासून समूह शाळेपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचा हिशेब मांडायचा तर मुंबईची खोलीही त्यात धरावी लागते. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत गावकऱ्यांची म्हणून एक खोली असे. गिरणीत किंवा गोदीत काम करणारे चाकरमानी पाळीपाळीने तिथे झोपत आणि तिथेच गावच्या मंडळाची वर्गणी जमा होई. त्या पैशातून देवळाचा सभामंडप उभा राहिला, पाखाडी बांधली गेली, शाळेवर कौलं चढली. सरकारचा हात पोचायच्या आधी आणि पुष्कळदा पोचल्यानंतरही, कोकणातली गरीब शाळा परगावी गेलेल्यांच्या खिशावर चालत आली आहे.

या व्यवहाराचा एक जुना आणि ठळक दाखला दापोली तालुक्यातल्या मुरूडचा आहे. धोंडो केशव कर्वे या गावचे. जन्म 18 एप्रिल 1858, आजोळी शेरवलीला. सोमण मास्तरांनी त्यांना शाळेत शिकवलं आणि सार्वजनिक कामाची गोडीही लावली. पण गावातली शाळा संपली की पुढे रस्ता नव्हता. 1875 साली सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर ऐन पावसात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथे परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. वय पुरं भरलेलं होतं. अंगकाठी तेवढी लहान होती. शाळा दूर असणं म्हणजे काय, हे पुढे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

मुंबईत शिकून मिळवते झाल्यावर त्यांनी आणि गावच्या मंडळींनी मुरूड फंड काढला. बाहेर नोकरीला लागलेल्या मुरुडकरांनी आपल्या कमाईतला ठरावीक वाटा गावाच्या उपयोगी कामांसाठी द्यायचा, अशी ती साधी योजना. ही रीत मला मोठ्या देणगीपेक्षा मोलाची वाटते. एकदा दिलेली देणगी लोक विसरून जातात, पण दर महिन्याला पैसे देणारा हिशेब मागतो आणि सुट्टीत आला की शाळेत डोकावतो.

मात्र गावासाठी राबणाऱ्याला गाव आपलं मानतंच असं नाही. मार्च 1893 मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने ठराव करून त्यांना वाळीत टाकलं. त्यांना घरी उतरवून घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार, इथपर्यंत मजल गेली. मुरूडवर राग धरून बसणं सहज शक्य होतं. पण त्यांनी कामाचा परीघच वाढवला. पुण्याजवळ हिंगण्याला रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला 750 रुपये दिले. 1900 साली त्यांचा विधवांसाठीचा आश्रम तिथे गेला. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवून हे प्राध्यापक पायी हिंगणं गाठत. संस्थेला आयुष्य देणारी माणसं हवीत म्हणून 1908 साली निष्काम कर्म मठ निघाला. स्वयंसेवेची इतकी कडक अट आज कुणी घालणार नाही, आणि घातली तर अर्ज किती येतील याची शंका आहे.

कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये पंधरा लाख रुपये दिले, तरी अण्णांची, म्हणजे कर्व्यांची, झोळी सुटली नाही. 1929 साली त्यांनी युरोप, अमेरिका, जपान असा दौरा काढला. पुढे डिसेंबर 1930 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका अशी सुमारे सव्वा वर्षाची भ्रमंती झाली. तिथल्या हिंदी लोकांकडून त्यांनी पुण्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी पैसे जमवले. गाव सोडून मुंबईला गेलेल्या मुरुडकराकडे जे मागितलं, तेच आता देश सोडून गेलेल्याकडे मागितलं.

माझ्या लेखी या आयुष्यातलं सर्वांत मोठं पाऊल 1936 चं आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. लोकल बोर्डाची शाळा जिथे नाही अशा खेड्यांत शाळा काढायला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. फंडासाठी ते स्वतः दारोदार फिरले. मुरूड फंडात देणारा आणि घेणारा एकाच गावचा होता. इथे देणाऱ्याने त्या खेड्याचं नावही ऐकलेलं नसे.

स्वातंत्र्यानंतर जिल्हा परिषदेची शाळा वाडीवाडीवर पोचली. मुंबईच्या मंडळांकडे वह्यावाटप, गुणगौरव आणि रंगकाम उरलं. 1982 च्या गिरणी संपाने अनेक खोल्यांची वर्गणीच आटली. संपानंतर काही जण गावी परतले, पण त्यांची मुलं पुन्हा विरार-डोंबिवलीकडेच गेली. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया निघाल्या. पुरुष कुठे आहेत, ते गणपतीच्या आदल्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसच्या डब्यात दिसतं.

म्हणजे ज्या स्थलांतराने शाळेला पैसा पुरवला, त्यानेच शाळेचा पट रिकामा केला. काही शाळांत भिंतीवर देणगीदारांची जितकी नावं आहेत, तितकी हजेरीपटावर नाहीत. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. त्याच वर्षी आंतरजिल्हा बदल्यांत जिल्ह्यातून मोठ्या संख्येने शिक्षक बाहेर गेले. समूह शाळेपर्यंतचं एक-दोन किलोमीटरचं अंतर कागदावर किरकोळ वाटतं. जुलैत वहाळ भरला की सात वर्षांच्या पोराला ते पार करणं जमत नाही.

मंडळांनी यंदा वह्या वाटू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावरचा मंडळाचा शिक्का आणि अध्यक्षांचा फोटो पोरांच्या काही उपयोगाचा नाही. तेच पैसे पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या रिक्षाभाड्यासाठी बाजूला काढावेत, आणि शाळा सुरू होण्याच्या आत रिक्षावाल्याशी बोलणी पक्की करावीत.