हिरवे पाणी आणि क्लोरीनचा हिशेब

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्टला डायव्हिंगच्या तलावाचे पाणी हिरवे झालेले सगळ्या जगाने पाहिले. पाठोपाठ शेजारचा वॉटरपोलोचा तलावही हिरवा झाला. आयोजकांनी नंतर सांगितलेले कारण असे, की उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, एका कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. पेरॉक्साइड हे स्वतः जंतुनाशक आहे, पण क्लोरीनशी गाठ पडली की दोघे एकमेकांना निकामी करतात. पाण्यातला क्लोरीनचा पहारा उठला आणि शेवाळाला मोकळे रान मिळाले. सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या आधी मोठ्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून दुसऱ्या तलावातले स्वच्छ पाणी भरावे लागले.

ऑलिंपिकच्या तलावाची ही गत, तर सुट्टीत दोन आठवडे पंप बंद राहिलेल्या शाळेच्या किंवा बंगल्याच्या तलावाचे नवल नको. शेवाळाचे बीज वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर रोज येतच असते. ऊन, ऊब आणि क्लोरीनचा अभाव या तीन गोष्टी जमल्या की ते दोन-तीन दिवसांत पाणी व्यापते.

बहुतेक वेळा हे शेवाळ स्वतः आजार आणत नाही. मग धोका कसला? एक म्हणजे, जिथे शेवाळ जगते तिथे जंतूही जगतात. दुसरे अधिक गंभीर आहे: तळ दिसेनासा होतो. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, तो गुपचूप खाली जातो आणि काठावरच्या जीवरक्षकाला हिरव्या पाण्यात तो दिसत नाही. म्हणून तळावरची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. यात वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही, आणि उत्तम पोहता येते ही सबबही नाही.

पाणी हिरवे झाले की सर्वसाधारण उपाय म्हणजे डबाभर क्लोरीन आणून ओतणे. पुष्कळदा त्याचा काही उपयोग होत नाही, आणि त्याचे कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. मारक शक्ती पहिल्यात कितीतरी पट अधिक. दुसरा जवळजवळ बसून राहतो. कोणते रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. पीएच ७ असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम चौथा हिस्सा आणि ८.५ ला दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पीएच ८.५ असताना ओतलेल्या दहा पोत्यांपैकी नऊ पोती नुसती हजेरी लावतात. म्हणून आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणायचा, क्लोरीनला हात त्यानंतर.

पीएच उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चढवण्यासाठी धुण्याचा सोडा वापरतात. पण पीएच एका जागी टिकत नसेल, सकाळी ७.२ आणि संध्याकाळी ८, तर बहुधा पाण्याची क्षारता कमी पडते आहे. क्षारता म्हणजे पीएचला धक्के बसू न देणारी गादी. ती दर लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. जोराच्या पावसात ती पातळ होते. मग खाण्याचा सोडा घालावा लागतो.

आता हिशेब. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी मावते. १ पीपीएम म्हणजे घनमीटरला १ ग्रॅम. नेहमीच्या वापरात मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम पुरतो. शेवाळ मारायला निदान १० लागतो. १० पीपीएमला ५ किलो क्लोरीन हवा. ताज्या ब्लीचिंग पावडरीत तो सुमारे ३० टक्के असतो, म्हणजे १७ किलो पावडर. हे गणित नववीच्या कॅडेटला तोंडी यावे. मात्र पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर हिशेब कागदावरच राहतो, कारण तिचा क्लोरीन पोत्यातच उडून गेलेला असतो. घरच्या ४८,००० लिटरच्या तलावाला याच हिशेबाने दीड किलोच्या थोडी वर पावडर लागेल.

हा मोठा डोस सूर्यास्तानंतर द्यावा, कारण भर उन्हात उघडा क्लोरीन तासाभरात निम्म्याहून अधिक नष्ट होतो. आधी भिंती आणि पायऱ्या ब्रशने खसखसून घासाव्यात. शेवाळाचा चिकट थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी ओतावी. पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. वाळूच्या फिल्टरवरचा दाब नेहमीपेक्षा अर्धा किलो वर गेला की उलटे पाणी सोडून फिल्टर धुवावा. पहिल्या दोन दिवसांत हे अनेकदा करावे लागते, आणि कंटाळा येतो तो नेमका इथेच.

हिरवा रंग जाऊन पाणी दुधी दिसू लागले की ते मेलेले शेवाळ आहे. फिल्टरला ते आवरत नसेल तर तुरटी घालून रात्रभर पंप बंद ठेवावा आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा. फिल्टरमधून नेला तर तोच गाळ परत येण्याची भीती असते.

द्राक्षबागांमुळे महाराष्ट्रात मोरचूद घरोघरी माहीत आहे आणि तलावातही ते सर्रास टाकले जाते. त्याने शेवाळ मरते, पण ते क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही, आणि त्यातले तांबे पाण्यात साठत जाऊन भिंतींवर डाग पाडते. आमच्या मते ते न वापरलेलेच बरे. क्लोरीनच्या गोळ्यांचेही एक सांगायला हवे. त्यांतले सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणून ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते चांगलेच. पण ते उडून जात नाही, प्रत्येक गोळीबरोबर वाढत राहते. १०० च्या पुढे गेले की चाचणीत क्लोरीन दिसतो, पण शेवाळही आरामात वाढते. मग काही पाणी काढून ताजे भरणे एवढाच इलाज.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडलेला वायू हाच क्लोरीन होता. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनच्या सैनिकांनाही त्या वायूला तोंड द्यावे लागले. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पंपघरात ब्लीचिंग पावडरीवर आम्ल सांडले तर तोच वायू निघतो, आणि तिथे मोकळा वाराही नसतो. दोन्हींची साठवण वेगळ्या खोल्यांत हवी. गोळ्या आणि पावडर यांचा एकच डबा किंवा एकच माप वापरू नये. त्या मिश्रणाने आग लागते. आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीच नाही. चष्मा, हातमोजे घालून आणि वारा पाठीशी घेऊन हे काम करावे. हे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे आहे. कॅडेटांनी नुसते पाहावे.

डोळे चुरचुरले की 'क्लोरीन जास्त झाला' असे सगळे म्हणतात. बहुधा उलटे असते. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीन जखडला जाऊन क्लोरामाइन बनते. तो उग्र वास आणि ती चुरचुर त्याची. उतरण्यापूर्वी साबण लावून शॉवर घ्या असे उस्ताद बजावतात ते म्हणूनच.

शेवटी चाचणी. पिवळा रंग देणारी ओटीओ चाचणी मोकळा आणि जखडलेला असा एकूण क्लोरीन दाखवते. गुलाबी रंगाची डीपीडी नुसता मोकळा. पण क्लोरीन फार झाला तर डीपीडीचा गुलाबी रंगच विरतो आणि पाहणाऱ्याला वाटते, क्लोरीन शून्य आहे. अशा वेळी नमुन्यात क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा पाहावे. शेवाळ खरोखर मेले की नाही हे रात्र सांगते: सूर्यास्तानंतर मोजलेला क्लोरीन सूर्योदयापूर्वी १ पीपीएमहून अधिक उतरला असेल तर कुठेतरी, बहुधा शिडीमागे किंवा दिव्याच्या काचेआड, ते अजून जिवंत आहे. उतार थांबला, तळाची जाळी स्वच्छ दिसली आणि क्लोरीन पुन्हा ३ पीपीएमवर आला, की तलाव उघडावा.