मोबाईलवरची हवा आणि आपल्या दारातली हवा



मागच्या महिन्यात कोळशाच्या रस्त्यावरच्या आपल्या एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला, कर्जाच्या हप्त्यांचं बोलणं झालं आणि मग विषय निघाला धुळीचा. मी लगेच मोबाईल काढला, हवेचा आकडा बघितला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आज 92 आहे, म्हणजे हवा समाधानकारक." बाया हसल्याच. एका ताईने दोरीवरचं लुगडं आणून माझ्यासमोर झटकलं. दुसरी म्हणाली, "हवा चांगली हाय तं मग माह्या पोरीले रात्री दम काहून लागते?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्य शिकताना पर्यावरणावर एक पेपर होता, तोही कामी आला नाही. मग महिनाभर वाचलं, विचारलं. जे समजलं ते सांगतेय.

तो आकडा खोटा नव्हता, पण तो आपल्या गावाचा नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यात सरकारची सतत मोजणारी यंत्रं चंद्रपूर शहरात आणि खुटाळा एमआयडीसीकडे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती चालवतं आणि त्यांचे आकडे दिल्लीच्या केंद्रीय मंडळाकडे जातात. गावात उभं राहून मोबाईल उघडला की तो जवळच्या केंद्राचा आकडा दाखवतो. काही ॲप तर उपग्रहावरून अंदाज बांधून आकडा देतात. शिवाय काही ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. त्यामुळे एकाच हवेला एक ॲप 100 म्हणतं आणि दुसरं दीडशेच्या पुढे दाखवतं. बघायचंच असेल तर केंद्रीय मंडळाचं 'समीर' ॲप बघा आणि आकड्याच्या आधी केंद्राचं नाव वाचा.

आता मोजतात कसं ते सांगते. जुन्या पद्धतीचं यंत्र म्हणजे एक मोठी पेटी. ती ठरावीक हवा आत ओढते आणि गाळण्याच्या कागदातून सोडते. धूळ कागदावर अडकते. कागदाचं वजन आधी केलेलं असतं, नंतर पुन्हा करतात. कापसाची गाडी जिनिंगवर भरलेली तोलतात, मग रिकामी तोलतात आणि फरक म्हणजे माल, तसंच हे. फक्त इथे वजन मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या पेट्या आठवड्यातून दोन दिवस चालवायच्या असतात, वर्षाचे साधारण 104 दिवस. नवीन यंत्रं मात्र रात्रंदिवस चालतात.

आता लुगड्यावरची काळी धूळ. मला सगळ्यात जास्त नवल याचंच वाटलं. आपण पीठ चाळतो तेव्हा कोंडा चाळणीत राहतो आणि बारीक पीठ खाली जातं. हवेच्या यंत्राला फक्त ते बारीक पीठ मोजायचं असतं. 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 10 म्हणतात आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्यांना पीएम 2.5. आपल्या डोक्याचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. भांड्यांवर, तुळशीवर, वाळवणावर दिसणारी बरीचशी धूळ यापेक्षा जाड असते आणि ती आकड्यात धरलीच जात नाही. ती त्रास देते, पिकाच्या पानांवर बसते, पण छातीत खोल उतरते ती डोळ्यांना न दिसणारी. म्हणून कपडे स्वच्छ दिसले तरी हवा चांगली असेलच असं नाही, आणि कपडे काळे झाले म्हणून आकडा मोठा येईलच असंही नाही. ऐकायला विचित्र आहे खरं.

दुसरी गोम सरासरीत आहे. धुळीचा आकडा 24 तासांच्या सरासरीवर काढतात. समजा, गावात दिवसाचे 20 तास पीएम 10 दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे आणि ट्रक धावतात ते 4 तास 300 आहे. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, आपल्या गावात कुणी मोजलेले नाहीत.) 20 गुणिले 60 म्हणजे 1200, 4 गुणिले 300 म्हणजे तेही 1200. बेरीज 2400, भागिले 24, आलं 100. आपल्या देशाची 24 तासांची मर्यादा 100 च आहे. म्हणजे कागदावर सगळं नियमात आणि हवा 'समाधानकारक'. पण त्या 4 तासांत पोरं शाळेतून पायी घरी येत असतील आणि आपण अंगणात भांडी घासत असू, तर आपल्या वाट्याला 300 च आली.

आणि ही 100 ची मर्यादा तरी किती सैल आहे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 10 साठी 24 तासांची 45 ची पातळी सुचवली. पीएम 2.5 साठी त्यांची पातळी 15 आहे, आपली 60. आपली मानकं 2009 सालची आहेत.

मोबाईलवर दिसतो तो निर्देशांक 2015 पासून सुरू झाला. 50 पर्यंत चांगली, 100 पर्यंत समाधानकारक, 200 पर्यंत मध्यम, 300 पर्यंत वाईट, 400 पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. धूळ, वेगवेगळे वायू, शिसं अशा आठ गोष्टींवरून तो काढतात. पण त्यांची सरासरी नसते, ज्याचा आकडा सगळ्यात वाईट तोच निर्देशांक ठरतो. धुळीचा 180 आणि बाकी सगळ्यांचा 40 असेल तर उत्तर 180.

त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. 'समाधानकारक' या पायरीसमोर सरकारी तक्त्यातच लिहिलं आहे की नाजूक प्रकृतीच्या लोकांना श्वासाचा किरकोळ त्रास होऊ शकतो. 'मध्यम'समोर दमा असलेल्यांना, लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना त्रास होऊ शकतो असं आहे. म्हणजे मी वाचून दाखवला तो शब्द धडधाकट माणसासाठी होता, तिच्या पोरीसाठी नव्हता. मी नुसता शब्द वाचला, पुढची ओळ वाचली नाही. (त्या ताईला मी हे जाऊन सांगितलं. पोरीला आरोग्य केंद्रात दाखवायला आशाताईसोबत पाठवलं. दम लागण्यामागे धूळच आहे की चुलीचा धूरही आहे, ते डॉक्टरच सांगतील.)

आता आपल्या हातात काय आहे?

खाण असो की कारखाना, ज्याला पर्यावरण मंजुरी लागते त्याला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. मंजुरीत कोणत्या अटी होत्या आणि त्या पाळल्या का, हे त्यात लिहायचं असतं. रस्त्यावर पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री, ठरलेल्या जागी हवेची मोजणी, अशा अटी खाणींच्या मंजुरीत सहसा असतात. हे अहवाल लोकांसाठी खुले आहेत. मंडळाची केंद्रं शहरात असली तरी कंपनीचं मोजणीचं ठिकाण तुमच्याच गावाच्या शिवेवर असू शकतं, आणि ते आपल्याला माहीतही नसतं.

तेव्हा माहिती अधिकारात अर्ज करा. गटाच्या नावाने करू नका, एखाद्या ताईच्या स्वतःच्या नावाने करा, कारण हा अधिकार नागरिकाला आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या ताईला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवा. तो मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचा. विचारायचं काय? आमच्या गावाला सर्वात जवळचं मोजणीचं ठिकाण कोणतं, तिथले मागच्या वर्षीचे पीएम 10 आणि पीएम 2.5 चे तारखेनुसार आकडे, आणि शेजारच्या खाणीचे सहामाही अहवाल. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. 'आमच्या गावात धूळ का आहे' असं विचारू नका, त्याला ते उत्तर देत नाहीत. कागद मागा.

सोबत एक वही सुरू करा. तारीख, वेळ, ट्रक उघडे की झाकलेले, रस्त्यावर पाणी मारलं का, कुणाला दम लागला. वहीने हवा मोजली जात नाही, हे खरं. पण अहवालात 'रोज दोन वेळा पाणी मारले जाते' असं लिहिलं असेल आणि तुमच्या वहीत महिन्याभरात पाच दिवसच असतील, तर बोलायला जागा मिळते. वाहतूक जोरात असते त्या दिवसांत गावात पेटी ठेवून मोजणी करा, असा ठराव ग्रामसभेत घेऊन मंडळाला पाठवता येतो. पेटीला वीज लागते आणि उंच, मोकळी जागा लागते. शाळेचं छत चालेल का, ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा.

त्या गावातल्या दोन गटांनी वही सुरू केली आहे. सकाळची नोंद एका गटाकडे, संध्याकाळची दुसऱ्याकडे. पहिल्या आठवड्यात तीन दिवस कोरे राहिले, कापूस वेचणीमुळे. राहू द्या, पण मागाहून अंदाजाने भरू नका.

अर्जाचा नमुना प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे. नेताना रजिस्टरवर सही करा, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयिका