बॉस्टनचा कौल आणि स्थलांतराचे अर्थकारण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, लिंकनशायर परगण्यात बॉस्टन नावाचे एक जुने बंदर आहे. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमतात देशभरातून ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली; बॉस्टनमध्ये मात्र हे प्रमाण ७५.६ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. त्याच दिवशी लंडनच्या लॅम्बेथ भागात ७८.६ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली. जिथे स्थलांतरित जास्त तिथे त्यांना विरोध जास्त, असा साधा हिशेब मांडला तर हे निकाल उलटे लागायला हवे होते, कारण २०११ च्या जनगणनेनुसार लंडनमधील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ३७ जण परदेशात जन्मलेले होते, तर बॉस्टनमध्ये सुमारे १५.

संख्येपेक्षा येथे वेग महत्त्वाचा ठरला. २००१ मध्ये बॉस्टनमधील परदेशात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सतराशेच्या आसपास होती; दहा वर्षांत ती पावणेदहा हजारांच्या पुढे गेली. १ मे २००४ रोजी पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया यांच्यासह पूर्व आणि मध्य युरोपातील आठ देश संघात आले, तेव्हा त्यांच्या नागरिकांच्या नोकऱ्यांवर सात वर्षांपर्यंत निर्बंध ठेवण्याची मुभा जुन्या सदस्य-देशांना होती आणि बहुतेकांनी ती वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पहिल्या दिवसापासून दारे खुली केली. ब्रिटिश सरकारसाठी तयार झालेल्या अंदाजात वर्षाला निव्वळ ५ हजार ते १३ हजार माणसे येतील असे म्हटले होते, पण तो बांधताना जर्मनीसारखे मोठे देशही आपली दारे उघडतील हे गृहीत धरले होते. जर्मनीने ती २०११ पर्यंत बंदच ठेवली, येणाऱ्यांचा ओघ ब्रिटनकडे वळला, प्रत्यक्ष आकडा अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला आणि स्थलांतराविषयी सरकार जे सांगेल त्यावरचा लोकांचा विश्वास तेव्हापासून उडत गेला.

ही माणसे बॉस्टनलाच का आली, याचे उत्तर तिथल्या मातीत आहे. दलदल उपसून तयार झालेली तिथली सपाट, सुपीक जमीन कोबी, फ्लॉवर आणि बटाटा यांच्यासाठी प्रसिद्ध असून सुपरमार्केटच्या साखळ्यांना हा माल ठरल्या वेळी आणि ठरल्या आकाराचाच लागतो. कोबी आणि फ्लॉवर आजही वाकून, हातातल्या सुरीने कापावे लागतात. त्यासाठी लागणारे मजूर पुरवणारा मध्यस्थ आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या मुकादमासारखाच असतो: टोळी तो जमवतो, पहाटे गाडीत घालून शेतावर तो नेतो आणि मजुरीही पुष्कळदा त्याच्याच हातून मिळते. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकम खाडीत शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले, तेव्हा कुठे या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. बॉस्टनच्या वेस्ट स्ट्रीटवर पोलिश आणि लिथुआनियन वाणसामानाची दुकाने उभी राहिली, जुनी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागली, आणि शाळेतला प्रवेश, डॉक्टरची वेळ, घरभाडे या रोजच्या गोष्टी राजकारणाचा विषय झाल्या.

मतदार अर्थव्यवस्थेचा विचार दोन तऱ्हांनी करतो, असे राज्यशास्त्राचे अभ्यासक मानतात. आपली मिळकत वाढली की घटली हे पाहून दिलेले मत म्हणजे खिशाचे मत; देशाचे किंवा आपल्या समाजाचे एकूण बरे चालले आहे की नाही हे पाहून दिलेले मत म्हणजे समाजलक्ष्यी मत. डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक कीविट यांनी अमेरिकी मतदारांच्या १९८१ च्या अभ्यासात दुसरी तऱ्हा अधिक प्रभावी असल्याचे दाखवले. जेन्स हाइनम्युलर आणि डॅनियल हॉपकिन्स यांनी २०१४ मध्ये सुमारे शंभर अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही स्थलांतराविषयीच्या मतांचा संबंध व्यक्तीच्या स्वतःच्या आर्थिक स्थितीशी फारसा आढळला नाही. आपल्या देशावर, त्याच्या तिजोरीवर आणि संस्कृतीवर काय परिणाम होईल, या समजुतीशी तो अधिक होता. बॉस्टनमध्ये निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाची नोकरी कोणताही लिथुआनियन घेणार नव्हता, तरी आपले गाव कोणत्या दिशेने चालले आहे याबद्दल त्याचे ठाम मत होते. त्याला अज्ञान किंवा द्वेष म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न कळत नाही.

कारण तिजोरीचा हिशेब आणि गावाचा हिशेब खरोखरच वेगळे होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ख्रिश्चन डस्टमन आणि त्यांचे सहकारी टॉमासो फ्रात्तिनी यांनी दाखवले, की २००० नंतर आलेल्या युरोपीय स्थलांतरितांनी २००१ ते २०११ या काळात सरकारकडून जे घेतले त्यापेक्षा सुमारे २० अब्ज पौंड अधिक कररूपाने दिले. डस्टमन यांच्याच दुसऱ्या एका संशोधनात, स्थलांतरामुळे मधल्या आणि वरच्या थरांतील वेतन थोडे वाढते, पण सर्वांत खालच्या थरातील वेतनावर थोडा का होईना दाब येतो, असे आढळले. म्हणजे लाभ देशभर पातळ पसरला आणि भार मोजक्या गावांवर पडला. अशा गावांच्या मदतीसाठी लेबर सरकारने २००९ मध्ये एक निधी सुरू केला होता, परंतु २०१० मध्ये आलेल्या आघाडी सरकारने तो काटकसरीच्या नावाखाली बंद केला. सार्वमताच्या सहा वर्षे आधीचा हा छोटासा निर्णय नंतरच्या मोठ्या भाषणांपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. सार्वमतापूर्वी न्यूकॅसलच्या एका सभेत राष्ट्रीय उत्पन्न घटण्याचा इशारा प्राध्यापक आनंद मेनन देत असताना, ते उत्पन्न तुमचे आहे, आमचे नव्हे, असे श्रोत्यांतील एका बाईंनी सुनावले. त्यांच्या रागामागे हाच हिशेब होता.

मराठी वाचकाला येथे १९६० च्या दशकातली मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’मधून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या, १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिने १४० पैकी ४२ जागा जिंकल्या. मायरन वायनर यांनी १९७८ च्या ग्रंथात भूमिपुत्रांच्या चळवळींची मीमांसा करताना दाखवले, की स्थानिकांमध्ये नव्याने शिकलेला वर्ग तयार होतो आणि त्याला हव्या असलेल्या जागांवर बाहेरचे आधीच बसलेले असतात, तेव्हा असा उद्रेक होतो. मुंबईत स्पर्धा कारकुनाच्या आणि लघुलेखकाच्या खुर्चीसाठी होती, आणि ती खरी होती. बॉस्टनच्या कोबीच्या शेतासाठी अशी झुंबड उडाली नव्हती. नोकरीची थेट स्पर्धा नसतानाही तितकाच तीव्र कौल मिळू शकतो, हे बॉस्टनने वायनर यांच्या सिद्धांताला जोडलेले महत्त्वाचे पुरवणी-प्रकरण आहे. शिवाय मुंबईतला मराठी कामगारही बव्हंशी रत्नागिरी, सातारा सोडून आलेला होता, पण त्याला कोणी परका म्हटले नाही. परका कोण, हे अंतर ठरवत नाही.

मतदानाचा हक्क कोणाला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. सार्वमतात राष्ट्रकुलातील देशांच्या ब्रिटनवासी नागरिकांना मत होते, पण आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस वगळता संघातील इतर देशांच्या नागरिकांना नव्हते. त्यामुळे बॉस्टनमध्ये दहा वर्षे राबलेल्या पोलिश मजुराला मत नव्हते आणि भारतीय पारपत्रावर लंडनमध्ये राहणाऱ्या पुणेकराला ते होते. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवून स्विंडनमध्ये स्थिरावलेल्या हजारो गोवेकरांचे भवितव्य या मतदानाने ठरत होते, आणि तेही मतदान करू शकत नव्हते.

लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी मतदानाच्या दिवशी घेतलेल्या पाहणीत बाहेर पडण्याच्या बाजूच्या ४९ टक्के मतदारांनी ब्रिटनचे निर्णय ब्रिटनमध्येच व्हावेत हे मुख्य कारण सांगितले, तर सुमारे एक तृतीयांश मतदारांनी स्थलांतरावर आणि सीमांवर पुन्हा ताबा मिळवणे. ताबा हाच दोन्ही उत्तरांचा गाभा आहे. म्हणूनच सार्वमतानंतर स्थलांतर चालूच असतानाही जनमत चाचण्यांतील त्याची चिंता ओसरली, कारण निर्णय आता आपल्या हाती आला असे लोकांना वाटले. पुढे नव्या व्हिसा-नियमांखाली भारत, नायजेरिया आदी देशांतून विद्यार्थी आणि वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी मोठ्या संख्येने आले, जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेले, छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांची दृश्ये रोज दिसू लागली आणि ती भावना मोडली. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत बॉस्टन आणि स्केग्नेस मतदारसंघाने हुजूर पक्षाची साथ सोडून रिफॉर्म यूके पक्षाच्या रिचर्ड टाइस यांना निवडून दिले. संपूर्ण देशात त्या पक्षाच्या वाट्याला आलेल्या पाच जागांपैकी ही एक होती.