वापरलेल्या कोळशाचे पुनरुज्जीवन

घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील कार्बनचे कार्ट्रिज ठराविक काळानंतर बदलावे लागते. बाहेर काढलेला कोळसा दिसायला नव्यासारखाच काळा व टणक असतो. मग तो स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा का वापरू नये, असा प्रश्न अनेक काटकसरी कुटुंबांत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत वापरलेला कोळसा खरोखरच पुन्हा कामाला लावला जातो. मात्र ती प्रक्रिया समजून घेतली, तर घरी ते का साधत नाही हेही आपल्या ध्यानी येईल.

नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा यांपासून हा ‘सक्रिय कार्बन’ तयार करतात. त्याच्या प्रत्येक कणात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. या छिद्रांच्या भिंती पसरून ठेवल्या, तर केवळ एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरू शकते. पाण्यातील कीटकनाशके, रंग, दुर्गंधी निर्माण करणारी द्रव्ये व अनेक रसायने या भिंतींना चिकटून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात. कालांतराने छिद्रे भरून जातात आणि कोळसा निरुपयोगी होतो; पाणी मात्र पूर्वीसारखेच नितळ दिसत राहते. धोका नेमका येथेच आहे.

या बाबतीत अमेरिकेतील ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराचे उदाहरण बोलके आहे. १९७७ च्या फेब्रुवारीत नदीच्या वरच्या भागातील सुमारे ७० टन कार्बन टेट्राक्लोराइड हे घातक रसायन प्रवाहात मिसळले व नदीकाठच्या अनेक शहरांच्या पाण्यापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अशा रसायनांवर नजर ठेवणारी यंत्रणा त्या नदीवर उभी राहिली. १९९२ पासून सिनसिनाटीचे मुख्य केंद्र नदीचे पाणी दाणेदार सक्रिय कार्बनच्या जाड थरांतून गाळू लागले. इतका कोळसा वारंवार टाकून देणे परवडणारे नव्हते. म्हणून केंद्राच्या आवारातच भट्ट्या उभारण्यात आल्या.

या भट्टीत कोळसा टप्प्याटप्प्याने तापवला जातो. प्रथम त्यातील पाणी निघून जाते. उष्णता वाढताच चिकटलेली काही द्रव्ये वायुरूप होऊन बाहेर पडतात, तर काहींची छिद्रांतच काजळी होते. अखेरीस सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या साहाय्याने ही काजळी काढून छिद्रे मोकळी केली जातात. भट्टीत प्राणवायू अगदी अल्प ठेवावा लागतो, अन्यथा कोळसाच जळून राख होईल. निघालेले वायूही तसेच सोडून चालत नाही. ते जाळून व धुऊन निर्धोक करावे लागतात. प्रत्येक वेळी साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास कोळसा घटतो, ती तूट नवा कोळसा घालून भरून काढतात.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू या. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश. उन्हाचे तर त्याहूनही कमी. तेवढ्या उष्णतेने घट्ट चिकटलेली रसायने सुटत नाहीत. धुतल्याने केवळ वरची धूळ व गाळ निघतो. चुलीवर किंवा गॅसवर कोळसा भाजणे तर सर्वस्वी अयोग्य, कारण त्यातील विषारी द्रव्ये घरातल्या हवेत मिसळतील. जुन्या कोळशावर जंतूंचीही वाढ होऊ शकते. शिवाय कोळसा नवा असला, तरी तो जंतूंचा खात्रीने नाश करत नाही, की विहिरीच्या पाण्याचा खारटपणाही काढत नाही, हे विसरता कामा नये.

म्हणूनच आमची वाचकांना विनंती आहे की, कार्ट्रिज बसवल्याची तारीख यंत्रावर लिहून ठेवावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. पुनर्वापर ही चांगली सवय आहे. परंतु या कोळशाचा पुनर्वापर भट्टीतच होऊ शकतो, अंगणातल्या उन्हात नव्हे. चार पैसे वाचवण्याच्या नादात लेकराबाळांच्या पेल्यात अशुद्ध पाणी जाऊ नये, इतकी दक्षता आपण प्रत्येकाने अवश्य घ्यावी.