परराज्यातली गाडी आणि बारा महिन्यांचा गैरसमज

आपल्या व्यापारी बांधवांच्या बैठकीत एक वाक्य वरचेवर ऐकू येते. ‘परराज्याची गाडी आहे ना, मग बारा महिने काही करायला नको.’ नगरच्या कापडबाजारात आम्ही हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, ते खरेच आहे असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यापायी आमच्या घरातल्याच एका मुलाचा टेम्पो पाच महिने गोदामासमोर उभा राहिला, म्हणून हा विषय लिहावयास घेतला.

प्रथम खऱ्या निम्म्याविषयी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर मालकाने तेथला नवा नंबर घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. पण हे कोणासाठी? ज्याची गाडी त्याच्याच नावावर आहे आणि जो तीच गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहावयास आला, त्याच्यासाठी. हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा आपली मोटार घेऊन भिंगारला परतला, तर त्याला ही मुदत लागू पडते.

तुम्ही सुरतेहून किंवा हैदराबादेहून जुनी गाडी विकत घेतली, तर मामला वेगळा. तेथे कलम ५० लागते. विकत घेणाराने ३० दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज दिला पाहिजे. म्हणजे बाजारात ज्याला वर्षाची सवलत समजतात, ती खरेदीदाराच्या बाबतीत महिन्याचीच असते. शिवाय कराचा हिशेब निराळा. नोंदणीचा कायदा केंद्राचा, कर मात्र राज्याचा. तेव्हा बारा महिन्यांची मुदत दाखवून कर चुकत नाही.

आता आमच्या भाच्याची हकिकत. तो ड्रेस मटेरियल आणि अस्तराचा माल सुरतेहून आणतो. रमजानच्या आधी भाड्याचा टेम्पो वेळेवर मिळत नाही, म्हणून त्याने तिथल्याच एका दलालामार्फत छोटा टेम्पो घेतला. गाडी चांगली होती, भाव नगरपेक्षा चाळीस हजारांनी कमी. दलालाने सांगितले, ‘शेठ, कागद सगळे तयार आहेत.’ हातात आले ते काय? आर. सी. बुक, आणि विकणाराच्या सह्या असलेले पण तारीख नसलेले फॉर्म २९ व ३०. भाचा खूश. आम्ही विचारले, ‘अरे, एनओसी कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘मामू, ते नंतर येईल.’

ते नंतर आले नाही. आर. सी. बुकावर एका फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला होता. कर्ज फिटले होते, पण विकणाराने फॉर्म ३५ भरून तो बोजा उतरवलाच नव्हता. बोजा असेपर्यंत फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय एनओसी निघत नाही. विकणारा फोन उचलेना, दलाल म्हणे माझे काम संपले. एवढ्यात टेम्पोच्या फिटनेसची मुदतही सरली. वाचवलेले चाळीस हजार तर गेलेच, वर त्या मोसमातले भाडे खिशातून भरावे लागले. आम्ही व्यापारी कापडाचा ठाण घेताना ताणून, उन्हात धरून, काठ मोजून घेतो. गाडीचा कागद मात्र कोणी ताणून पाहत नाही.

एनओसी म्हणजे ना हरकत दाखला. जेथे गाडी आधी नोंदलेली आहे, त्या कार्यालयाकडून तो घ्यावयाचा असतो. त्यासाठी फॉर्म २८ भरतात आणि त्यावर चासी नंबरचा पेन्सिलने उतरवलेला ठसा लावतात. गाडी चोरीची नाही, तिच्यावर कर बाकी नाही, हे पाहूनच दाखला देतात. दंडाची ई-चलने बाकी असतील तर तीही विकणाराकडून आधी भरून घ्यावीत, नाहीतर ती आपल्या गळ्यात येतात. विकणाराचे काम विकणारानेच करावयाचे, ही गोष्ट पैसे पूर्ण देण्यापूर्वीच पक्की झाली पाहिजे. पैसे हातात पडल्यावर सुरतेचा काय आणि नगरचा काय, कोणीही माणूस आर.टी.ओ.च्या रांगेत उभा राहावयास उत्सुक नसतो.

आपल्या जिल्ह्यापुरती एक बाब येथे विशेष. दाखल्यावर गाडी कोणत्या कार्यालयात जाणार ते लिहिलेले असते. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण गाड्यांचे आकडे तेच राहिले. नगरच्या कार्यालयाचा एम.एच. १६ आणि श्रीरामपूरच्या कार्यालयाचा एम.एच. १७. संगमनेर, कोपरगाव, राहाता या बाजूचे व्यापारी श्रीरामपूरच्या कार्यालयाखाली येतात. जिल्हा एकच म्हणून संगमनेरच्या माणसाने नगरच्या नावाचा दाखला आणला, तर त्याला तो बदलून घेण्यासाठी पुन्हा परराज्यात धाव घ्यावी लागते. अर्ज भरताना एक आकडा नीट पाहिला की हा फेरा वाचतो.

दाखला आला की आपल्या कार्यालयात नव्या नंबरासाठी फॉर्म २७ आणि नाव बदलण्यासाठी २९ व ३० द्यावयाचे, सोबत आर. सी. बुक, विमा, पीयूसी आणि राहण्याचा पुरावा. खासगी मोटार असेल तर महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. त्याचा दर गाडीची मूळ किंमत आणि इंधन यांवर ठरतो. पेट्रोलपेक्षा डिझेलला अधिक, आणि गाडी कंपनीच्या नावावर असेल तर आणखी अधिक. गाडीचे वय पाहून रक्कम कमी होते. म्हणून जुन्या मालकाकडून गाडीचे मूळ बिल मागून घ्यावे. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो त्या राज्याच्या नियमाप्रमाणे आणि नवा नंबर मिळाल्यानंतर. तो पैसा येईल असे धरून सौदा करू नये.

यानंतर गाडी निरीक्षकासमोर उभी करावयाची. चासी आणि इंजिनचे नंबर कागदाशी जुळतात काय, रंग तोच आहे काय, ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, वायपर, काच हे सर्व तो पाहतो. गाडीला बाहेरून गॅसची किट बसवली असेल तर तिची नोंद आर. सी. बुकात हवी आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. आपल्याकडे पुष्कळ व्यापारी छतावर लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतात किंवा मागची सीट काढून टाकतात, आणि मग निरीक्षकाने हरकत घेतली की त्याच्या नावाने बोटे मोडतात. गाडीच्या मूळ रचनेत बदल करावयाचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. यात निरीक्षकाचा दोष नाही.

तपासणी या शब्दाचाच आपल्याकडे घोळ आहे, तेव्हा तो सोडवणे बरे. आपल्या नगरलाच संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे, तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचेही नाव आहे. तेथे होते ती गाडीच्या नमुन्याची परीक्षा. एखादे नवे मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा एक नमुना तपासतात. तो पास झाला म्हणून तुमची दहा वर्षे वापरलेली गाडी पास होत नाही. तिची तपासणी वेगळी आणि ती वेळोवेळी व्हावयाची असते.

किती वेळोवेळी? आखातात असलेल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. सौदीत किंवा दुबईत खासगी मोटारसुद्धा नवी असतानाची तीन वर्षे सोडली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते. सौदीत तिला फहस म्हणतात. शब्द अरबी आहे, अर्थ तपासणी. आपल्या देशात खासगी मोटारीला अशी वार्षिक तपासणी नाही. नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर गाडी दाखवून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. मध्ये फक्त पीयूसी. म्हणून परराज्यातून गाडी आणताना होणारी तपासणी ही खासगी मोटारीच्या आयुष्यात क्वचितच येणारी संधी असते. एजंटाला पैसे देऊन ती कागदावरच उरकणारे स्वतःचाच तोटा करतात.

मालवाहू गाडीचे तसे नाही. नवी असताना दोन वर्षे, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिचा फिटनेस दाखला घ्यावा लागतो. कलम ५६ चे शब्द कडक आहेत. दाखला नसेल तर ती गाडी वैध रीतीने नोंदलेलीच नाही असे समजावे. म्हणजे आर. सी. बुक खिशात असूनही नसल्यासारखे. येथे आणखी एक गैरसमज आहे. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हे खरे आहे. त्यावरून लोक समजतात की फिटनेसही लागत नाही. परमिट माफ आहे, फिटनेस माफ नाही.

आणि खासगी नंबरच्या व्हॅनमध्ये कपड्याच्या गाठी घालून फिरणारे आमचे भाऊ? कायद्याने मालवाहू गाडीची जी व्याख्या केली आहे, तीत मालासाठी न बनवलेली गाडीसुद्धा माल वाहत असताना येते. शेवगाव, पाथर्डीच्या बाजारला दोन गाठी घेऊन जाणाराला कोणी अडवत नसेल, पण अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस हीच व्याख्या काढतो.

विम्याबाबत आपल्यात उलेमांचे मतभेद आहेत, त्यात पडण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो कलम १४६ ने सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. गाडी विकत घेतली की तो विमा नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो, तरी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असा आपोआप येत नाही.

नोंदणी ढिली सोडल्याने काय होते, याचे दोन निवाडे सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली जात पुढे गेली होती, पण कागदावर पहिल्याचेच नाव राहिले. अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की कागदावर ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. सप्टेंबर २०२१ च्या निवाड्यातली गाडी नवी होती. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असताना ती परगावी नेली आणि तेथे चोरीस गेली. विमा होता, हप्ता भरलेला होता, तरी विमा कंपनीने पैसे देणे लागत नाही असे ठरले.

पहिला निवाडा विकणारांनी नीट वाचावा. आपली जुनी गाडी बिदरच्या किंवा सुरतेच्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळे झालो, असे समजू नये. परराज्यात विकल्यावर ४५ दिवसांच्या आत एनओसीसह आपल्या कार्यालयास कळविण्याचे काम विकणाराचे आहे. तारीख नसलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करणे म्हणजे आपले नाव कोणा अनोळखी ड्रायव्हरच्या हाती देणे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही तालीम आपल्याला सूरह बकरात मिळालेली आहे. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगितला पाहिजे हेही आपण जाणतो. मग उतरवला नसलेला बोजा हा ऐब नव्हे काय?

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांविषयी लोक विचारतात. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो उचलून धरला, आणि तेथल्या गाड्या मातीमोल भावाने इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेण्यात गैर काही नाही. पण नवा नंबर मिळाला म्हणून १५ वर्षे नव्याने सुरू होत नाहीत, ती पहिल्या तारखेपासूनच मोजली जातात. दहा वर्षांची गाडी घेतली तर पाच वर्षांनी नूतनीकरण येते. त्या मोटारीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. एवढे जमेस धरूनही सौदा परवडत असेल तर जरूर करावा. एनओसी नसेल तर मात्र ती गाडी भंगाराच्याच भावाची.

बी.एच. मालिकेचा नंबर घेतला की कोणत्याही राज्यात फिरता येते, असेही काहीजण सांगतात. ही मालिका २०२१ साली निघाली ती सरकारी नोकर, लष्करातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतले नोकर यांच्यासाठी. आपल्या दुकानदारांना तिचा उपयोग नाही.

भाच्याच्या टेम्पोचे काम शेवटी झाले. आम्ही दोघे सुरतेला गेलो, फायनान्सवाल्यांकडून कर्ज फिटल्याचे पत्र घेतले, विकणाराला त्याच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांमार्फत गाठले, बोजा उतरवला आणि एनओसी काढली. एम.एच. १६ चा नंबर आला, नंबर प्लेट बदलली, विमा कंपनीला नवा नंबर कळवला. फास्टॅग मात्र जुन्या गुजरातच्या नंबरावरच राहिला होता. तो बदलावयाचा असतो हे आम्हांस सुचले नाही, आणि माल भरून येताना पहिल्याच टोलनाक्यावर त्याला अर्धा तास हुज्जत घालावी लागली.