डब्यातल्या जुन्या फ्लॉप्या आणि कोकणातली बुरशी

पावसाळ्याआधी कपाटे झाडताना पेण-रोह्याकडच्या एखाद्या छापखान्यात, शाळेत किंवा दवाखान्यात फ्लॉप्यांचा जुना डबा हाती लागतो. कोणी तो भंगारात टाकतो, कोणी उत्साहाने लगेच संगणकात घालून पाहतो. दुसरा प्रकारही पहिल्याइतकाच घातक ठरू शकतो.

फ्लॉपी म्हणजे पॉलिएस्टरची पातळ चकती. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा चुंबकीय लेप. कोकणातल्या दमट हवेत या लेपावर बुरशी धरते आणि पांढुरके ठिपके दिसू लागतात. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड पृष्ठभागापासून किंचित वर राहते; फ्लॉपीत ते चकतीला चिकटूनच असते. चकती मिनिटाला सुमारे 300 फेरे घेते. बुरशी घासली जाते, लेपावर ओरखडे पडतात आणि हेडला लागलेली घाण पुढच्या फ्लॉपीवर जाते. एकच सुई अनेकांना टोचण्यासारखाच हा प्रकार! म्हणून ठिपके दिसणाऱ्या फ्लॉप्या आधी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांची सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. दम्याच्या रुग्णांनी या कामापासून लांब राहावे. इतरांनीही तोंडाला मास्क लावावा.

फ्लॉपीचे आकार मुख्यतः तीन. आयबीएमची आठ इंची 1971 मध्ये आली, सव्वापाच इंची 1976 मध्ये, तर सोनीची साडेतीन इंची 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. मात्र आकार सारखा म्हणून मांडणी सारखी नसते. नेहमीच्या ‘1.44 एमबी’ फ्लॉपीत दोन बाजू, प्रत्येकीवर 80 वर्तुळाकार माग, प्रत्येक मागावर 18 विभाग आणि विभागात 512 बाइट, म्हणजे एकूण 14,74,560 बाइट असतात. (कोणत्याही प्रमाण हिशेबाने हे नेमके 1.44 एमबी होत नाही, पण नाव रूढ झाले.) मॅकिंटॉशच्या 800 केबीच्या फ्लॉपीत मागांच्या गटागणिक फिरण्याचा वेग बदलतो, त्यामुळे साध्या पीसीला ती वाचताच येत नाही. मग पडद्यावर विचारणा होते: डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करायची का? इथे ‘हो’ म्हटले की होते नव्हते ते पुसले जाण्याचा धोका.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडे करावे. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी. त्यानंतर त्यांवर काही लिहिले जात नाही. यूएसबीवरचा बाजारी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची, तीही पीसीचीच, वाचतो. बाकीच्यांसाठी जुना ड्राइव्ह ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या उपकरणाला जोडतात. ते फायली शोधत बसत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते. अर्थ लावण्याचे काम नंतर त्या प्रतीवर सावकाश करता येते. दुखऱ्या चकतीला पुन्हा पुन्हा फिरवावे लागत नाही.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या प्रणालींत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर फाइल सुखरूप उघडूनही केवळ अगम्य चिन्हे दिसतात. त्यामुळे फॉन्टच्या फ्लॉप्याही जपाव्यात आणि त्या काळातला एखादा छापील कागद जुळवणीसाठी सोबत ठेवावा. रुग्णांच्या नोंदी असतील तर रूपांतरानंतर औषधांची नावे आणि मात्रेचे आकडे कागदाशी ताडून पाहावेत; आणि अशा फ्लॉप्या भंगारवाल्याला देण्याआधी चकती कात्रीने कापावी, कारण तिच्यावर कोणाचे तरी आजारपण नावानिशी लिहिलेले असते.